लोहा-लंगड, टिना-टप्पर

गोंदियात रस्त्याच्या कडेला फुकट सोफा सापडत नाही. सोफा राहू द्या, पाय मोडलेला स्टूलही सापडत नाही. हे आम्हाला इतकी वर्षं कधी खटकलं नव्हतं. मग न्यू जर्सीत शिकायला गेलेल्या पुतण्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. तिघं ऐसपैस बसतील असा राखाडी सोफा, त्यावर तंगड्या पसरून पुतण्या, आणि खाली ओळ : ‘रस्त्यावर सापडला. फुकट!’

रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवणारी मंडळी एकदम गप्प झाली. मग वहिनींनी त्याला थेट फोनच लावला. ‘‘काऊन रे, पैसे संपले काय?’’

पुतण्याने समजावलं, की तिकडे लोक घर बदलताना नको असलेलं सामान कचऱ्याची गाडी यायच्या आदल्या रात्री दाराबाहेर ठेवतात. ज्याला पाहिजे तो उचलून नेतो. काही जण तर असं सामान गोळा करतात, पुसूनपासून फोटो काढतात आणि ऑनलाइन विकतात. त्याच्या ओळखीच्या एकाचं निम्मं भाडं त्यातून सुटतं. वहिनींना सामान विकून भाडं काढणं लगेच समजलं. चांगला सोफा दाराबाहेर ठेवणं मात्र अजून समजलेलं नाही. ‘‘ढेकूण असतीन त्यात,’’ हा त्यांचा निष्कर्ष. पुतण्याच्या आजीने प्रश्नाला वेगळाच हात घातला : ‘‘ज्याचा सोफा होता त्याले भाऊ, बहीण, साळा, साळी कोनीच नाही का रे बाप्पा?’’

विषयाचा गाभा आजीच्या हाती लागला होता. वस्तू रस्त्यावर यायची तर तिला आधी सगळे नातेवाईक संपावे लागतात. जर्मनीत मोठं सामान ठरलेल्या दिवशी बाहेर काढतात. जपानात तर जुनं कपाट टाकायचं असेल तर दुकानातून पैसे देऊन स्टिकर आणावं लागतं, ते कपाटावर चिकटवावं लागतं, तेव्हा कुठे पालिका हात लावते. टाकायला पैसे द्यावे लागतात, ही गोष्ट मी आमच्या गल्लीतल्या कबाड्याला सांगितली. आधी तो पोट धरून हसला. मग हातगाडीच्या दांड्याला टेकून त्याने गंभीरपणे विचारलं, ‘‘जपानले जाले पासपोर्ट लागते काजी?’’

आमच्याकडे फुकट टाकली जाते अशी एकच गोष्ट मला ठाऊक आहे, ती म्हणजे इडापिडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाडीपट्टीतली गावं मारबत काढतात आणि वर्षभराची रोगराई, खोकला-पडसं तिच्या हवाली करून गावाच्या शिवेबाहेर पोचवून येतात. ही एक गोष्ट कबाडी किलोवर घेत नाही, म्हणून. घेत असता तर तीही दिवाळीपर्यंत सज्ज्यावर राहिली असती.

घरातली वस्तू निकामी कशी होते, हे पाहायला मिक्सर घ्यावा. तो बंद पडला की दुरुस्तीला जातो. दुरुस्तीहून आला की चालतो, पण झाकणावर हात दाबून धरला तर. पुढे तो एका माणसाच्या हाताला चालतो आणि दुसऱ्याच्या नाही. मग नवा मिक्सर येतो. जुना पुसला जातो, त्याच्या वायरची गुंडाळी होते, आणि ‘कामी येईल’ असं म्हणून तो सज्ज्यावर चढतो. दर दिवाळीच्या रंगकामाला तो खाली येतो, घरातला एक जण तो चालू करून पाहतो, ‘आवाज तं देते’ असं म्हणतो, आणि मिक्सर पुन्हा वर जातो. आवाज देणारी वस्तू टाकायची नाही असा आमचा दंडक आहे, आणि त्याचा फायदा घरातल्या काही माणसांनाही मिळतो.

सज्जा भरला की वाटप सुरू होतं. पहिला मान बहिणीचा, मग कामाच्या बाईंचा, मग गावाकडच्या घराचा. देण्याचीही रीत आहे. ‘घेऊन जा’ म्हटलं तर समोरच्याला राग येतो. ‘तुमच्याकडं असू द्या, आमच्याकडं जागा नाही’ म्हटलं की वस्तू उपकार करायला निघाल्यासारखी निघते. गावात पोचल्यावर तिचा पुनर्जन्म होतो. हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळातले मामा तलाव गावोगाव आहेत, आणि तलाव आहे तिथे ढीवर बांधव आहेत. ट्रकची फाटून ठिगळलेली ट्यूब इथे होडी होते. कॉम्प्रेसर गेलेला फ्रिज पाठीवर आडवा केला की मासोळ्यांसाठी बर्फाची पेटी तयार. उभा असताना त्याने आयुष्यभर वीज खाल्ली, आडवा झाल्यावर तो कमवायला लागला. ज्या काळात तो आमच्या घरी उभा होता त्या काळात त्यात मुख्यतः पाण्याच्या बाटल्या आणि कालची आमटी असायची. करिअर म्हणावं तर ते मासळीबाजारात सुरू झालं.

सरकारला हे सगळं शिस्तीत हवं असतं. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी घरातल्या कचऱ्याचे तीन भाग केले : ओला, सुका आणि घरगुती घातक. नियम करणाऱ्यांनी आमच्याकडे येऊन पाहिलं असतं तर चौथा भाग सापडला असता : ‘असू दे’. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा तोच. घंटागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं की बायका दोन डबे घेऊन बाहेर येतात आणि एकमेकींच्या डब्यात डोकावतात. ‘‘वैनी, हे बरणीचं झाकण टाकून रायल्या काय? राहू द्या, आमच्या बरणीले झाकण नाही.’’ गाडीपर्यंत पोचायच्या आत कचरा हलका होतो. गाडीच्या बाजूला लटकवलेल्या पोत्यांत बाटल्या, पुठ्ठा, पत्रा वेगवेगळा पडतो. गाडी डेपोला पोचते तेव्हा तिच्यात खरोखरचा कचरा उरलेला असतो, आणि इतका शुद्ध कचरा मिळवायला परदेशात यंत्रं बसवावी लागतात.

2023 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने शहराशहरांत ‘कमी वापरा, पुन्हा वापरा, नव्याने बनवा’ अशी केंद्रं उघडली. 5 जूनपर्यंत ही मोहीम होती. जुने कपडे, पुस्तकं, खेळणी, भांडी तिथे द्यायची आणि गरजवंताने न्यायची. आमच्या सासूबाईंना मी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याची भांडी घासायची चिंधी आणि चिंधीची चूल पेटवायची वात, असा एका कापडाचा संसार उभ्या आयुष्यात त्यांनी किती वेळा पार पाडला असेल देव जाणे. बातमी पूर्ण ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘एवढं सांगाले दिल्ली लागली?’’

तरी एक गोष्ट दिल्लीच्या आधी पुण्याने केली, हे कबूल करायला पाहिजे. विदर्भातला माणूस पुण्याचं कौतुक सहसा करत नाही, म्हणून एका दमात सांगून टाकतो. 1993 मध्ये तिथे कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि 2008 पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. कचऱ्यात हात घालणारी बाई ही चोर नाही, कामगार आहे, आणि तिने वेगळ्या काढलेल्या बाटलीवर तिचा हक्क आहे, एवढं साधं वाक्य शहराच्या गळी उतरवायला संघटना लागली. आपण एक बरणी सज्ज्यावर ठेवली की संसारी ठरतो. तीच बरणी दुसऱ्याने उकिरड्यावरून उचलली की लोक नाक मुरडतात. बरणी मात्र दोन्हीकडे सारखीच स्वच्छ धुतली जाते.

आता कबाड्याकडे वळतो, कारण तो मघापासून दारात उभा आहे.

तो यायच्या आधी त्याचा भोंगा येतो. पूर्वी तो स्वतः ओरडायचा, आता रेकॉर्ड केलेला आवाज हातगाडीवर वाजतो : लोहा-लंगड, टिना-टप्पर, रद्दी-पेपर, कूलर, फ्रिज, टीव्ही. आवाज त्याचाच आहे, पण पाच वर्षांपूर्वीचा, त्यामुळे त्यात उमेद जास्त आहे. त्याच्या कमरेला सुतळीने बांधलेलं काळं गोल चुंबक असतं. तेही एका मेलेल्या स्पीकरमधून काढलेलं. आमची वस्तू हातात घेतली की तो आधी हे चुंबक लावतो. चिकटलं तर त्याचा चेहरा पडतो : ‘‘लोखंड आहे बाई.’’ नाही चिकटलं तरी पडतो : ‘‘हलकं अल्मिनम आहे बाई.’’ दोन्ही बाजूंनी पडणारा हा चेहरा त्याचं खरं भांडवल आहे. चुंबक फक्त आमच्या समाधानासाठी.

परवा आमच्या न्हाणीघरातला जुना नळ निघाला. वरून चांदीसारखा चकचकीत, वजनाला भारी. कबाड्याने चुंबक लावलं, ते खाली घरंगळलं. त्याने चेहरा पाडला. आमच्या सौभाग्यवती त्याच क्षणाची वाट पाहत होत्या.

‘‘पितळ आहे ते.’’

‘‘मिक्स धातू आहे बाई. आतून पांढरं निंघते.’’

‘‘कानस आहे ना तुज्याजवळ? घास.’’

कबाड्याने कानस काढली आणि जमेल तितक्या हळू एकदा घासली. काही दिसलं नाही. दुसऱ्यांदा घासली. तिसऱ्या वेळी चकचकाट फाटला आणि खाली हळदीच्या रंगाची एक बारीक रेघ उमटली. त्याने त्या रेघेवर अंगठा ठेवला. पण सौभाग्यवतींची नजर अंगठ्याच्या आधी पोचली होती.

‘‘अंगठा काढ.’’

‘‘पालिस असते बाई, वरून पिवळी पालिस मारते कंपनी.’’

‘‘चांदीच्या खाली पिवळी पालिस? कोनाले दाखवाले?’’

कबाडी हसला. हसला म्हणजे पितळेचा भाव मान्य झाला. मग वजनावर गाडी आली. त्याचा काटा आमच्याकडे कधीच खरा मानला जात नाही आणि आमचा काटा तो मानत नाही. रद्दीच्या बाबतीत सौभाग्यवतींनी यावर एक उपाय शोधला आहे. रद्दीचा गठ्ठा छातीशी धरून मी घरातल्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून माझं वजन वजा करायचं. वजा करायचं वजन मागच्या वर्षीच्या तपासणीच्या कागदावरून घेतलेलं आहे. मधल्या काळात माझ्यात जी भर पडली ती रद्दीच्या खात्यावर जमा होते. कबाड्याने काट्याकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे सावकाश वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, ‘‘काकाजी, पोट नाही चालत जी रद्दीत.’’

हाच माणूस आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराच्या कडेला ताडपत्री अंथरून बसलेला दिसतो. भाजीची रांग संपते, सुकी मासोळी संपते, बांगड्या-रिबिनी संपतात आणि चिखल सुरू होतो, तिथे त्याचं दुकान. किलोवर घेतलेल्या मालातलं जे मोडायच्या लायकीचं नाही, ते तो भट्टीला देत नाही. घासतो, पुसतो, तेल लावतो आणि इथे नगावर विकतो. सगळा नफा किलो आणि नग यांच्या मधल्या फटीत आहे. दारात आपल्याशी बोलताना त्याचं पालुपद असतं, ‘‘आजकाल असं कोन घेते जी?’’ ताडपत्रीवर बसला की तोच म्हणतो, ‘‘आजकाल असं कुठं भेटते जी?’’ दोन्ही वेळा तो खरं बोलत असतो. भंगार हा वस्तूचा गुण नाही. ती कोणाच्या हातात आहे आणि समोर कोण उभं आहे, यावर ठरणारा तो भाव आहे.

त्या ताडपत्रीसमोर उभं राहिलं की जिल्ह्याच्या संसाराची तपशीलवार जनगणना होते. चाव्या नसलेली कुलपं एका ढिगात, कुलपं नसलेल्या चाव्या दुसऱ्या ढिगात. लोक दोन्ही विकत घेतात. आमच्या पाहण्यात एक गृहस्थ शांतपणे मांडी घालून बसले होते आणि एकेका कुलपाला एकेक चावी लावून पाहत होते. कुणी घाई केली नाही. शेजारी रिमोटांची रास. ज्यांचे टीव्ही कधीच तुकडे होऊन भट्टीत गेले, त्यांचे रिमोट अजून सेलोटेप लावून जिवंत आहेत. मिक्सरची भांडी आहेत, मिक्सर नाहीत. कुकरच्या शिट्ट्या, गॅसचे बर्नर, कंदिलाची काच, पितळी सराटा, एक कोपर, तळ काळा पडलेले गंज. झाकणं वेगळी. मी विचारलं, ‘‘या झाकणाचा गंज कुठं आहे?’’ तो म्हणाला, ‘‘झाकण घेऊन जा जी, गंज भेटतेच.’’ मुलाचं लग्न जमत नसलेल्या एका मातोश्री शेजारी उभ्या होत्या. त्यांना ते वाक्य इतकं पटलं की त्यांनी एक झाकण घेतलं.

सगळ्यात गंमत नाव टाकलेल्या भांड्यांची. आपल्याकडे भांडं नुसतं देत नाहीत, दुकानातल्या मशीनवर त्याच्यावर देणाऱ्याचं नाव, तारीख आणि प्रसंग कोरून देतात. हेतू प्रेमाचा असतो, पण त्यातला व्यवहारही लपत नाही. नाव कोरलं की ते भांडं पुढच्या लग्नात फिरवता येत नाही. तरी चाळीस वर्षांनी ते इथे येऊन पडतंच. एका गुंडावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘मामांकडून सप्रेम भेट, 1987’. एक तरुण जोडपं ते घ्यावं की नाही अशा विचारात होतं. पितळ सुरेख होतं, भाव पटला होता, अडचण मामांची होती. ‘‘लोकं विचारतीन, कोनत्या मामांनी दिलं म्हणून,’’ बायको म्हणाली. विक्रेत्याने गुंड उचलला, सदऱ्याने पुसला आणि मामांचं नाव तिच्याकडे वळवत म्हणाला, ‘‘घ्या ना बाई. मामा तं सगळ्यायलेच असते.’’ गुंड खपला.

पण विदर्भात जुन्या मालाचा राजा एकच, तो म्हणजे कूलर. बाकी महाराष्ट्राला पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या आणि आत पंखा या यंत्राचं माहात्म्य कळत नाही. आमच्याकडे मे महिन्यात लग्नाची बोलणी करायला गेलेली माणसं मुलीच्या आधी कूलर कुठे आहे ते पाहतात आणि त्याच्यासमोरची खुर्ची धरतात. या कूलरचा भाव वस्तूवर नाही, पंचांगावर असतो. जुलैत पाऊस लागला की चालता कूलर लोखंडाच्या भावात निघतो, कारण घरात तो जागा अडवतो आणि त्याच्या टपात बेडूक येऊन राहतात. तोच कूलर कबाडी भिंतीला लावून ठेवतो, ऑक्टोबरात गंज खरवडतो, फेब्रुवारीत चंदेरी रंग मारतो आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ताडपत्रीजवळ उभा करतो. पारा पंचेचाळीसकडे निघालेला असताना घासाघीस करायची ताकद गिऱ्हाइकात उरत नाही. ‘‘मोटर कॉपरची आहे ना?’’ एवढा एकच प्रश्न तो विचारतो. ‘‘प्युअर कॉपर जी.’’ दारात घेताना ही मोटर ॲल्युमिनियमची होती. नऊ महिने भिंतीला लावून ठेवलं आणि रंग मारला की धातू सुधारतो, असं दिसतं.

कूलर शेवटी गळतोच. मग त्याच्या टपात पुदिना लागतो, जाळीवर पापड वाळतात, पेटीत कोंबड्या बसतात आणि स्टँडवर नवा कूलर. कोंबड्यांना मात्र तो आयुष्यभर थंड लागतो का, हे विचारायचं राहून गेलं आहे.

कबाड्याला हसण्यात अर्थ नाही, कारण अख्खा जिल्हाच या धंद्यात आहे. राइस मिलमध्ये सरकारी हिशेबाने 100 किलो धानामागे 67 किलो तांदूळ निघतो. उरलेल्या 33 किलोंपैकी किती फेकलं जातं? जवळजवळ काही नाही. भुसा बॉयलरला आणि वीटभट्टीला जातो, कोंडा तेलाच्या कारखान्याला, कनकी कोंबडीखाद्याला. तिरोड्याच्या 3,300 मेगावॅटच्या वीज प्रकल्पात कोळसा जळून उरते ती राख, तिच्याही विटा होतात. राखेला भाव येतो तिथे मिक्सर कोण फेकणार?

आणि रेल्वे? तिच्यावर तर आम्हाला भारी अभिमान. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन आमचं. पण मुळात ही लाइनसुद्धा जुन्या बाजारातली. 1880 च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे मीटरगेजची नागपूर-छत्तीसगड रेल्वे धावू लागली. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती विकत घेतली, रूळ रुंद केले आणि पुढे नेली. गोंदिया-जबलपूरची नॅरोगेज गाडी अलीकडेपर्यंत रांगत होती. तीही ब्रॉडगेज झाली. नॅरोगेजची जुनी इंजिनं आता नागपुरात मोतीबागेच्या संग्रहालयात आहेत, 2002 पासून. गाडी चालू होती तेव्हा बरेच लोक विनातिकीट बसायचे. बंद पडलेलं इंजिन मात्र सगळे रीतसर तिकीट काढून पाहतात. रेल्वेचं उरलेलं भंगार लिलावात जातं, आणि केंद्र सरकारची कार्यालयं 2021 पासून दर ऑक्टोबरला फायली, खुर्च्या, पंखे विकायला काढतात. 2024 पर्यंत त्यातून 2,300 कोटी रुपयांहून जास्त आले. सरकारच्या सज्ज्यावर एवढं निघालं, आणि आमच्या सज्ज्यावर बोट ठेवतात.

न विकली जाणारी वस्तू मी त्या ताडपत्रीवर एकच पाहिली : सन्मान. सत्कारात मिळालेल्या वस्तूंपैकी शाल खपते, श्रीफळ आधीच खाल्लेलं असतं, पण सन्मानचिन्हाला चुंबक चिकटत नाही, वजन भरत नाही आणि उजेडात धरलं की प्लास्टिक दिसतं. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी अशी पोतंभर सन्मानचिन्हं आणि फ्रेममधली मानपत्रं काढली. कबाड्याने खिळे उचकटले, काच वेगळी केली, लाकूड वेगळं केलं आणि मानपत्राचे कागद नीट जुळवून गुरुजींच्या हातात परत दिले. ‘‘हे तुमचं तुम्हाले राहू द्या, गुरुजी. काचेचे पैसे लावतो.’’ गुरुजी म्हणतात, त्यांच्या आयुष्यातला एवढा नेमका सत्कार दुसरा झाला नाही.

याच्या उलट टोकाला बारदाना. ज्या वस्तूशिवाय गोंदिया जिल्ह्याचा गाडा एक इंचही हलत नाही ती म्हणजे जुनं पोतं. नवा तागाचा बारदाना बंगालच्या गिरण्यांतून येतो. धान्य तागातच भरावं यासाठी 1987 चा कायदा आहे. तो बारदाना इथे येऊन एकदा भरला की त्याची वारी सुरू होते : खरेदी केंद्र, मिल, गोदाम, रेशन दुकान आणि शेवटी घर. घरी त्याचं पायपुसणं होतं, बैलाची झूल होते, पावसात खोळ होऊन ते डोक्यावर येतं, थंडीत कुत्र्याखाली जातं. मग धान कापून घरात येतं, खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, आणि बातमी येते, बारदाना नाही. धान आहे, काटा आहे, हमीभाव आहे, साहेबही आहेत, फक्त पोतं नाही. 2020 च्या टाळेबंदीत तागाच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा तर एकदा वापरलेल्या पोत्यांचा शोध सरकारदरबारी सुरू झाला. अशा दिवसांत गावातलं पायपुसणं धुवून, झटकून, उन्हात वाळवून पुन्हा चाळीस किलो धानासह शासनाच्या सेवेत रुजू होतं. एवढी बढती दुसऱ्या कोणत्या खात्यात मिळत नाही.

अशाच एका हंगामात आमच्या मेहुण्यांचा गोरेगाव तालुक्यातून फोन आला. धान अंगणात पडलेलं, आभाळ भरून आलेलं.

‘‘ताई, तुज्याजवळ जुनी पोती आहेत का?’’

सज्ज्यावर होती. ‘कामी येतील’ म्हणून घड्या घालून ठेवलेली, कबाड्याने पोत्यामागे दोन रुपये कमी सांगितले म्हणून त्याला न दिलेली. सौभाग्यवतींनी डोळ्यांनीच मोजणी केली, पदर खोचला आणि विचारलं, ‘‘भाव काय चालू आहे तिकडं?’’

पलीकडे क्षणभर नुसता वारा ऐकू आला. ‘‘ताई, सख्खा भाऊ आहो ना मी!’’

‘‘म्हणूनच विचारून रायली. कबाड्याले तं मी सांगते.’’